पार्श्वभूमी: तार वावरात तुटली, ब्रेकरला कोण सांगणार?

मे महिन्याच्या वादळात ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) तार तुटून वावरात पडली, की उपकेंद्रातला ब्रेकर आपोआप पडणारच, म्हणजे वीज तोडणारच, असं आपण धरून चालतो. तसं दर वेळी होत नाही. उन्हाळ्यात काळी जमीन भेगा पडेपर्यंत वाळलेली असते. तिच्यातून जमिनीत उतरणारा करंट कधी कधी इतका कमी असतो, की दहा-बारा किलोमीटरवरच्या रिलेला (बिघाड ओळखून ब्रेकर पाडणाऱ्या यंत्राला) तो फीडरवरच्या, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे निघणाऱ्या लाईनवरच्या, रोजच्या चढउतारापेक्षा वेगळा दिसतच नाही. ब्रेकर लागलेला राहतो, तार जिवंत राहते आणि सकाळी धुऱ्यानं चरत गेलेला बैल तिच्यावर पाय देतो. रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेला चोरटा करंटही अनेकदा असाच रिलेच्या नजरेतून सुटतो. विदर्भात त्या कुंपणांवर माणसं मेली आहेत आणि वाघही.

स्मार्ट ग्रिडच्या संरक्षणासाठी वायरलेस, हा विषय ऐकायला शहरी वाटतो. पण त्याच्या मुळाशी हीच जुनी अडचण आहे: बिघाड एका जागी होतो आणि निर्णय घेणारं यंत्र भलत्याच जागी बसलेलं असतं.

सुरुवातीला संरक्षण म्हणजे फ्यूज. गावात आजही डीपीवरचा (रोहित्राच्या खांबांवरचा) डीओ फ्यूज उडाला की वितळलेली तार तेच काम करून गेलेली असते. मोठ्या लाईनवर रिले आले. डिस्टन्स रिले व्होल्टेज आणि करंट यांच्या गुणोत्तरावरून बिघाड किती लांब आहे याचा अंदाज बांधतो. मात्र त्याला लाईनच्या टोकाशी नेमकं कळत नाही. बिघाड आपल्या लाईनवर आहे की पलीकडच्या उपकेंद्रात, अशी शंका राहते. म्हणून साधारण ८० टक्के लांबीपर्यंत तो ताबडतोब ट्रिप (ब्रेकर पाडायचा हुकूम) देतो आणि उरलेल्या भागासाठी ०.३ ते ०.५ सेकंद थांबतो. आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. त्या हिशेबानं हे थांबणं १५ ते २५ आवर्तनांचं झालं, आणि बिघाडाचा करंट तेवढा वेळ वाहत राहणं मोठ्या ग्रिडला परवडत नाही.

तो वेळ वाचवायचा तर लाईनच्या दोन्ही टोकांनी एकमेकांशी बोलायला हवं. १९२०च्या दशकापासून यावर उपाय निघाला तो पॉवर लाइन कॅरिअरचा: त्याच तारेवरून वरच्या फ्रिक्वेन्सीचा संदेश पाठवायचा. कोराडी किंवा चंद्रपूरच्या बाजूला २२० केव्हीचं उपकेंद्र कुंपणाबाहेरून पाहिलं, तर लाईन आत शिरते तिथं पिंपासारखी जाडजूड कॉइल टांगलेली दिसते. ती वेव्ह ट्रॅप. संदेशाला ती उपकेंद्राच्या आत जाऊ देत नाही आणि वीज मात्र तिच्यातून बिनबोभाट जाते. गोम एवढीच, की जी तार तुटली त्याच तारेवरून तुटल्याची खबर जायची असते. म्हणून पुढे मायक्रोवेव्ह लिंक आल्या. मनोऱ्यावरची डिश तारेवर अवलंबून नव्हती. नंतर मनोऱ्यांच्या माथ्यावरच्या अर्थवायरच्या पोटात ऑप्टिकल फायबर घालायची सोय झाली आणि मोठ्या लाईनवर मायक्रोवेव्हचं महत्त्व ओसरलं.

वायरलेसचा दुसरा प्रवेश निराळ्याच दारानं झाला. ग्वाल्हेरात जन्मलेले अरुण फडके आणि त्यांचे सहकारी अमेरिकेत व्हर्जिनिया टेकमध्ये काम करत होते. १९८८ साली तिथं पीएमयू हे यंत्र तयार झालं. शेकडो किलोमीटर दूरच्या दोन उपकेंद्रांतल्या विजेच्या लहरींमधला कोन ते एकाच क्षणी मोजतं. दोन घड्याळांत एका मिलिसेकंदाचा जरी फरक असला तरी ५० हर्ट्‌झवर १८ अंशांची चूक होते. त्यामुळे सगळी यंत्रं जीपीएस उपग्रहाच्या वेळेवर लावली जातात. इथं आकाशातून येते ती वेळ, आणि मोजणी तिच्या भरवशावर चालते.

भारतात अशा मोजणीची निकड २०१२ साली चव्हाट्यावर आली. ३० जुलैला पहाटे ४०० केव्हीची बिना-ग्वाल्हेर लाईन पडली, कारण रिलेनं जड लोडलाच बिघाड समजून ट्रिप दिली. अख्खा उत्तर ग्रिड कोसळला. दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्व आणि ईशान्य ग्रिडही गेले आणि ६० कोटींच्या आसपास लोकांची वीज गेली. विदर्भ पश्चिम ग्रिडमध्ये होता, म्हणून वाचला. फडक्यांचं जन्मगाव आणि ही लाईन यांचा योगायोग कुणाच्या लक्षात आला असेल का, कोण जाणे. दक्षिणेशी आपली वीज तोवर भद्रावतीच्या एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या डीसी विजेच्या) केंद्रातून, डीसीचा आडपडदा ठेवून जोडलेली होती. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर लाईन जोडली गेली आणि सगळा देश एकाच फ्रिक्वेन्सीवर आला. मग एका कोपऱ्यातला धक्का सगळ्यांचाच झाला.

हे सगळं वरच्या मजल्यावरचं. ३३/११ केव्ही उपकेंद्राच्या खाली मात्र कित्येक दशकं संदेशवहन म्हणजे लाइनमन. फीडर पडला की ऑपरेटर एकदा चार्ज करून (वीज सोडून) पाहणार, परत पडला की लाइनमन लाईन धरून निघणार, खांबावरचे एबी स्विच हातानं उघडत तुकडा तुकडा तपासणार. मोबाईल आल्यावर परमिटची (लाईन बंद ठेवून काम करण्याच्या परवानगीची) देवाणघेवाण फोनवर होऊ लागली. गंमत म्हणजे गावात वायरलेस नियंत्रण आधी शेतकऱ्यानं आणलं: मिस्ड कॉल दिला की मोटर चालू करणारा मोबाईल स्टार्टर. तोवर सर्रास होता ऑटोस्विच, आणि अजूनही आहे. लाईन आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपी जळते. ऑटोस्विच काढा म्हणून महावितरण अजून विनवण्या करतंय.

आता फीडरच्या मीटरला मोडेम असतो, तारेवर लटकणारे, बिघाड दाखवणारे फॉल्ट इंडिकेटर असतात आणि २०२१च्या वीज वितरण सुधारण्याच्या केंद्रीय आरडीएसएस योजनेतून स्मार्ट मीटर येत आहेत. मीटरवरून गावोगाव वाद आहे आणि बिलाबद्दलच्या शंका रास्तही आहेत. पण संरक्षणाच्या बाजूनं पाहिलं तर या मीटरचा एक गुण मोठा आहे. वीज जाताना उरलेल्या ऊर्जेवर तो शेवटचा संदेश पाठवू शकतो. ब्रेकर लागलेला आहे, पण एका ठिकाणापुढच्या सगळ्या मीटरवर एक फेज गायब आहे, असं दिसलं तर वावरात पडलेल्या त्या जिवंत तारेचा माग लागतो. माझ्या मते ग्रामीण विदर्भात वायरलेसची खरी गरज इथं आहे.

ट्रिप देण्यासाठी मात्र मोबाईल नेटवर्कवर विसंबता येत नाही. उपकेंद्राच्या आत आयईसी ६१८५० या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीनं ट्रिपचा संदेश तीन-चार मिलिसेकंदांत पोचतो. ४जीला काही दहा मिलिसेकंद लागतात आणि गर्दीत किती लागतील याची हमी नाही. शिवाय गावाबाहेरच्या टॉवरची वीज पुष्कळदा त्याच फीडरवर असते. बॅटरी उतरली आणि डिझेल नसलं की संदेश नेणाराच गप्प. आणखी एक धोका घुसखोरीचा. २३ डिसेंबर २०१५ला युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी नियंत्रण केंद्राच्या संगणकांत शिरून दुरूनच ब्रेकर उघडले आणि सव्वादोन लाखांच्या घरात ग्राहक अंधारात गेले. म्हणून दुरून संदेश घेणाऱ्या रिलेतही जुना हिशेब तसाच ठेवलेला असतो: संदेश आला तर लवकर पाडायचं, नाही आला तर आपल्या मोजणीवर, ठरलेला वेळ थांबून पाडायचं.