नवतपा आणि ‘जाड’ ऑइल

नागपुरात पारा ४५कडे सरकला की नव्या गाडीवाल्याला हमखास सल्ला मिळतो: ‘हे ०डब्ल्यू-२० इंजिन ऑइल तर पाण्यासारखं आहे, नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, टिकणार नाही. २०डब्ल्यू-५० टाका.’ कार्बोरेटरवाल्या जुन्या गाड्यांना तो ठीक होता. आजच्या गाडीला नाही.

थर्मोस्टॅट इंजिनातलं कूलंट साधारण ९० अंशांच्या आसपास ठेवतो, बाहेर डिसेंबर असो की मे. ग्रेडमधला दुसरा आकडाही १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो, सीताबर्डीतल्या दुपारचा नव्हे. ‘डब्ल्यू’आधीचा आकडा थंड इंजिन सुरू होतानाचा. तेव्हा जाड ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लावतं. शिवाय कित्येक नव्या इंजिनांत व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचं टायमिंग ऑइलच्या दाबावरच बदलतं, जाड ऑइलने तेही बिघडू शकतं.

वॉरंटीचं म्हणाल तर आधी मॅन्युअल उघडा. काही गाड्यांना एकाहून अधिक ग्रेड चालतात. त्यातला जाड हवा तर खुशाल घ्या. पण ऑइलच्या दर्जाचं एपीआय किंवा एसीईए मानकही जुळलं पाहिजे, डब्यावर ‘फुल सिंथेटिक’ दिसलं एवढ्याने भागत नाही. यादीबाहेरचं भरलं आणि पुढे इंजिन बिघडलं, तर क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. आणि बिलावर ग्रेड लिहून घ्याच. नुसत्या ‘ऑइल चेंज’वरून काय ओतलं ते कुणाला कळणार?