फ्लॅशची छत्री आणि फुटाळ्याचा वारा

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी नागपूरचा सूर्य बरोबर माथ्यावर येतो. शहराचे अक्षवृत्त साधारण २१.१ अंश उत्तर. त्यामुळे उत्तरेकडे निघालेला सूर्य जाताना एकदा आणि जुलैच्या मध्यावर परतताना पुन्हा एकदा आपल्या डोक्यावरून जातो. पहिल्या खेपेला नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू असतो, दुसऱ्या खेपेला बहुधा ढग. या शून्य सावलीच्या दिवशी उभ्या काठीची सावली नाहीशी होते, पण चेहऱ्यावरची सावली मात्र डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली गोळा होते. प्री-वेडिंगवाले फुटाळा नाहीतर अंबाझरी तलावावर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर दिसतात ते यामुळेच. भर दुपारी फोटो काढायचेच असतील तर फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून, स्टँडवर चढवून, फोटोग्राफीच्या कापडी छत्रीतून मारावा लागतो.

छत्री नेमके काय करते? ती सावलीची कड रुंद करते. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर, पण तो १५ कोटी किलोमीटरवर असल्याने आकाशात त्याची रुंदी जेमतेम अर्धा अंश भरते. नाकाचा शेंडा गालापासून दोन सेंटिमीटर पुढे धरला, तर उन्हात त्याच्या सावलीची कड ०.२ मिलिमीटरमध्ये संपते. म्हणून ती चाकूने कापल्यासारखी दिसते. एक मीटर रुंदीची छत्री दीड मीटरवर ठेवली की हीच कड १.३ सेंटिमीटरवर पसरते आणि डोळ्याला ती सावली मुलायम वाटते. तीच छत्री पाच मीटरवर नेली तर कड चार मिलिमीटरवर येते. म्हणजे मऊपणा कापडात नसतो, तो छत्रीच्या रुंदीला अंतराने भागून मिळतो. दुकानदार कापडाच्या दर्जाबद्दल कितीही बोलला, तरी मी आधी टेपच मागेन. पॅकेटवरचे माप पुष्कळदा कापडाच्या वळणावरून घेतलेले असते, त्यामुळे ४३ इंची छत्री उघडल्यावर मीटरभरच भरते.

जवळ आणण्याचे दुसरे कारण ताकदीचे आहे. कडक उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १०० आणि शटर १/२५० सेकंद ठेवले तर भिंगाच्या छिद्राचे माप म्हणजे अ‍ॅपर्चर एफ ११ च्या आसपास जाते. हातात मावणाऱ्या फ्लॅशच्या खोक्यावर गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, त्याला एफच्या आकड्याने भागले की मीटरमध्ये पल्ला) ६० लिहिलेला असतो, पण तो फ्लॅशचा झूम २०० मिलिमीटरवर, म्हणजे झोत अरुंद असतानाचा. छत्री भरायला झूम ३५ वर आणावा लागतो आणि तिथे तो साधारण ३६ उरतो. ३६ ला ११ ने भागले की ३.३ मीटर. छत्री वाटेत दीड-दोन स्टॉप खाते (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). दोन धरले तर पल्ला निम्मा होऊन १.६ मीटरवर येतो, तोही फ्लॅश फुल पॉवरवर असताना. सूर्याची बरोबरी न करता फक्त डोळ्यांतला काळोख काढायचा असेल तर एक स्टॉप कमी चालतो, मग सव्वादोन मीटरपर्यंत जाता येते. त्यापलीकडे छत्री नेली तर ती चेहऱ्यासाठी नुसती शोभेची राहते.

आता आरपार छत्री (उजेड कापडातून पलीकडे जातो) की बाउन्स छत्री (उजेड आतल्या बाजूवर आपटून परत येतो)? पांढऱ्या आरपार छत्रीतला बराच उजेड कापडावरून मागे फिरतो. मंगल कार्यालयात तो भिंतींवर आपटून परत येतो, म्हणजे फुकट वाया जात नाही. मात्र भिंत गुलाबी असली तर नवरीही गुलाबी. उघड्या लॉनवर परत पाठवायला भिंतच नसते, तो उजेड गेलाच. काळ्या पाठीची बाउन्स छत्री उजेड एकाच दिशेला टाकते. आतून चंदेरी असली तर पांढरीपेक्षा जास्त उजेड देते, पण घामाने चमकणारे कपाळही तितकेच चमकवते, आणि मे महिन्यात घाम नसलेले कपाळ शोधावेच लागेल. तिला एक अडचण आहे: तिची दांडी पुढे मॉडेलकडे येते, त्यामुळे आरपार छत्रीइतकी ती चेहऱ्याजवळ नेता येत नाही. एकच घ्यायची तर काळे आवरण काढता येणारी पांढरी घ्यावी.

इथपर्यंतचा हिशेब लोक करतात. वाऱ्याचा करत नाहीत, आणि माझ्या मते खरेदी तिथूनच सुरू व्हायला हवी. उघडी छत्री म्हणजे स्टँडवर उभारलेले शीड आहे. मीटरभर छत्रीवर समोरून ताशी १८ किलोमीटरचा वारा आला तर सुमारे १३ न्यूटन जोर पडतो, साधारण सव्वा किलो वजनाइतका. हा वारा काही वादळ नव्हे. यात पिंपळाची पाने सळसळत राहतात एवढेच. पण तो जोर दोन मीटर उंचीवर लागतो आणि खाली स्टँडचे पाय मध्यापासून फक्त अर्धा मीटर पसरलेले असतात. स्टँड वाऱ्याच्या दिशेने एक पाय करून उभा असेल तर त्याला सावरायला मधोमध एकूण साडेपाच किलो वजन लागते. वारा दोन पायांच्या मधल्या फटीतून ढकलत असेल तर टेकू निम्म्यावर येतो आणि तेच वजन अकरा किलो होते. स्टँड, ब्रॅकेट (फ्लॅश आणि छत्री स्टँडला धरणारा जोड), फ्लॅश, छत्री मिळून दोन-अडीच किलोही भरत नाहीत. तेव्हा एक पाय वारा जातो त्या दिशेला फिरवणे ही सगळ्यात स्वस्त सोय.

रेतीची पिशवी कुठे ठेवायची यातही फरक आहे. वारा ज्या पायाकडे ढकलतो त्या पायावर ती ठेवली तर जवळजवळ काहीच उपयोग नाही, कारण स्टँड तिथेच टेकून कलंडतो. वाऱ्याकडच्या दोन मागच्या पायांच्या टोकांवर सारखे वजन ठेवले तर मधल्या साडेपाच किलोचे काम साडेतीन किलोत होते. रेती नसेल तर पाण्याच्या बाटल्या चालतात. एक लिटर म्हणजे एक किलो, मोजायला सोपे. पिशवी मधल्या नळीला टांगली आणि ती जमिनीला टेकली, तर तिचे वजन जमीन उचलते, स्टँडला काहीच मिळत नाही.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ३६ किलोमीटरला वरचे सगळे आकडे चौपट होतात, आणि वीस-बावीस किलो रेती घेऊन कोणी तळ्यावर जात नाही. तिथे छत्री मिटायची, किंवा फ्लॅश काठीवर बांधून असिस्टंटच्या हातात द्यायचा. (उन्हाळ्यातली तापलेली हवा हिवाळ्यापेक्षा आठेक टक्के विरळ असते, म्हणून जोर तेवढा कमी. त्यावर विसंबू नये.)

छत्रीची कोणती बाजू वाऱ्याकडे आहे, हेही बघावे. हवामान खात्याच्या वेगमापकाच्या वाट्या फिरतात त्या याच कारणाने: खोलगट बाजूवर वारा जास्त जोर लावतो, फुगीर बाजूवरून निसटून जातो. खोल अर्धगोलात हा फरक तिप्पटीहून जास्त असतो. उथळ छत्रीत तो बराच कमी, पण असतोच. आरपार छत्रीची फुगीर बाजू मॉडेलकडे असते, म्हणून वारा मॉडेलच्या पाठीमागून येत असेल तर ती बरी. बाउन्स छत्रीची फुगीर बाजू फोटोग्राफरकडे, म्हणून वारा आपल्या पाठीवर असताना ती. उलटे केले तर वारा खोलगट बाजूत शिरतो आणि छत्री उलटी होते. फुटाळ्याच्या काठावर पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला आडोसा नसतो, तिथे हा फरक हाताला कळतो.

स्टँड निवडताना उंचीपेक्षा नळीची जाडी बघा. पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर वाकण्याला विरोध आठपट होतो. आणि लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच जोराने टोक आठपट झुकते. म्हणून बॅगेत मावणारा बारीक घडीचा स्टँड सगळा उघडला की वरचा तुकडा वेतासारखा डुलतो. वरची बारीक नळी शेवटी आणि गरजेपुरतीच काढावी.

ब्रॅकेट ही सगळ्यात लहान वस्तू, आणि घसरते तीच. स्टँडचे टोक बहुधा १६ मिलिमीटरचे असते, छत्रीची दांडी बहुधा आठची. साध्या प्लॅस्टिक ब्रॅकेटचा सांधा फक्त घर्षणावर उभा असतो. दातेरी सांध्याचा घ्या. छत्रीचे भोक अनेक ब्रॅकेटमध्ये किंचित तिरपे पाडलेले असते, फ्लॅशचा झोत छत्रीच्या मध्यावर पडावा म्हणून. दांडी उलट्या बाजूने घातली तर झोत छत्रीच्या कडेवर जातो आणि अर्धी छत्री अंधारात राहते. एस प्रकारचे ब्रॅकेट फ्लॅशला पायाने न धरता डोक्याला धरते. पडल्यावर आधी मोडतो तो फ्लॅशचा प्लॅस्टिकचा पाय, म्हणून मला तेच आवडते. शिवाय त्यावर बोवेन्स पद्धतीच्या खाचेचा सॉफ्टबॉक्सही (उजेड मऊ करणारा कापडी डबा) बसतो. बोवेन्स ही ब्रिटिश कंपनी २०१७ मध्ये बंद झाली, तिची खाच मात्र बाजारभर चालू आहे. साधे ब्रॅकेट घ्यायचे आणि त्याचा शू (फ्लॅशचा पाय सरकवायची जागा) धातूचा असेल, तर त्याच्या तळाला इन्सुलेशन टेपचा एक तुकडा लावा. फ्लॅशच्या पायाखालच्या पिना धातूला टेकून एकमेकींना जोडल्या गेल्या, तर फ्लॅश मनाला येईल तेव्हा उडतो.