सिटाग्लिप्टिन आणि डापाग्लिफ्लोझिन: शुगर दोन्हींनी उतरते, पण वाटा वेगळ्या

दादरच्या केमिस्टच्या काउंटरवर थोडा वेळ उभं राहिलं की लक्षात येतं, मधुमेहाची गोळी लोक ब्रँडच्या नावाने, नाहीतर स्ट्रिपच्या रंगाने मागतात. आत औषध कुठलं, असं विचारलं तर उत्तर येतं, 'शुगरचं'. त्यातून हल्ली दोन घराणी एकाच चिठ्ठीवर दिसतात: सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन एकीकडे, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन दुसरीकडे. दोन्ही मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या जुन्या, नेहमीच्या गोळीच्या जोडीला येतात आणि एकटी घेतली तर कुठल्याच गोळीने शुगर सहसा फार खाली जात नाही. सारखेपणा इथवरच.

ग्लिप्टिनचं काम आतड्याशी बांधलेलं आहे. जेवल्यावर तिथून जीएलपी-१ हे संप्रेरक सुटतं आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. डीपीपी-४ नावाचं विकर त्याला काही मिनिटांत निकामी करतं. ग्लिप्टिन त्या विकराला अडवतं. वजन फारसं हलत नाही, त्रासही कमी. क्वचित सांधे दुखतात किंवा स्वादुपिंडाला सूज येते.

ग्लिफ्लोझिनचा इन्सुलिनशी थेट संबंधच नाही. मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० ग्रॅम साखर गाळतात आणि जवळजवळ सगळी परत शोषून घेतात. ही गोळी ते शोषणं कमी करते, म्हणून बरीच साखर लघवीवाटे निघून जाते. त्यामुळे लघवीच्या तपासणीत साखर भरपूर दिसणारच. रिपोर्ट पाहून घाबरू नका, गोळी काम करतेय. सोबत पाणीही जातं, दोन-तीन किलो वजन उतरतं, आणि जननेंद्रियाच्या जागी बुरशीची खाज सुटू शकते. कल्याणहून सीएसएमटीला रोज लोकलने जाणाऱ्या बाईला याचा त्रास वेगळा सांगायला नको. वाटेत स्वच्छतागृह मिळेल न मिळेल म्हणून ती पाणीच पीत नाही, आणि या गोळीवर नेमकं तेच महागात पडतं. हा प्रश्न डॉक्टरांपुढे लाजून गिळू नये.

नवरात्राचे कडक उपवास, उलट्या-जुलाब, ऑपरेशन या वेळी आणखी जपावं लागतं. पोटात अन्न नसताना ग्लिफ्लोझिन चालू राहिलं तर चरबी जळून तयार होणारे कीटोन रक्तात साचून आम्लता वाढू शकते, आणि ग्लुकोमीटरवर आकडा फारसा वाढलेला नसल्याने कुणाला शंकाही येत नाही. ठरलेल्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी डापाग्लिफ्लोझिन थांबवायला सांगतात. ग्लिप्टिनला ही भानगड नाही.

मग ग्लिप्टिनच बरं? हृदयाचा प्रश्न आला की पारडं फिरतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या टेकोस चाचणीत सिटाग्लिप्टिनने हृदयविकाराचा धोका वाढवला नाही, कमीही केला नाही. त्याच वर्षीच्या एम्पा-रेग चाचणीत, आधीच हृदयविकार असलेल्या मधुमेहींमध्ये, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले. हृदय कमकुवत असेल किंवा मूत्रपिंडं कुरकुरत असतील तर आज ग्लिफ्लोझिनचा विचार आधी होतो. कंपन्या हेच ओरडून सांगतात, आणि एरवी त्यांच्या चकचकीत पत्रकांवर माझा भरवसा नसला तरी इथे त्यांचं म्हणणं खरं आहे.

खरा बाजार पेटंट संपल्यावर तापला. भारतात डापाग्लिफ्लोझिनचं २०२० मध्ये संपलं, सिटाग्लिप्टिनचं २०२२ मध्ये, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. किमती धडाधड उतरल्या. जनऔषधी केंद्रात २०२२ साली सिटाग्लिप्टिन ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या. ग्राहकाचा फायदाच झाला. पण एकाच औषधाचे ढीगभर ब्रँड झाले की आपला वेगळा कसा दाखवायचा? मग एमआरच्या, म्हणजे कंपनीच्या औषध प्रतिनिधीच्या, बॅगेतून निघतात जोडगोळ्या: सिटाग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिन, तिन्ही एकात. २०२४ च्या सरकारी विपणन संहितेनुसार वर्षभराहून अधिक काळ बाजारात असलेल्या औषधाला 'नवीन' म्हणता येत नाही, आणि पुस्ती न जोडता 'सुरक्षित'ही नाही.

तीन गोळ्यांची एक होते ही सोय खरी. पण जुलाब लागले आणि फक्त ग्लिफ्लोझिन थांबवायचं म्हटलं तर ते जोडगोळीतून वेगळं काढता येत नाही; तिच्याऐवजी काय घ्यायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं लागतं. दुसरा घोळ घरातला. नवीन जोडगोळी सुरू होते, जुनी सिटाग्लिप्टिनची स्ट्रिप डब्यात तशीच असते आणि आजोबा दोन्ही घेत राहतात, कारण ब्रँडची नावं वेगळी आहेत. चिठ्ठी बदलली की दोन्ही स्ट्रिपा केमिस्टपुढे ठेवून आतली औषधं जुळवून घ्यावीत.