गिटार : प्रकार आणि नागपूरची हवा

गिटार हे तारा छेडून वाजवण्याचे वाद्य आहे. सहा तारा, पडदे (धातूच्या आडव्या पट्ट्या) बसवलेली मान आणि तिच्याखाली धड, हा सांगाडा बहुतेक प्रकारांत सारखाच असतो. जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई हे स्वरही सहसा तेच. फरक पडतो तो तार कशाची आहे आणि तिचा आवाज मोठा कोण करते, यावरून.

क्लासिकल गिटारचे आजचे रूप स्पेनच्या आन्तोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) या कारागिराने घडवले. तारा आधी आतड्याच्या होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनच्या आल्या. मान रुंद, सुमारे ५२ मिमी, आणि आवाज मऊ. नवशिक्याची बोटे ती कमी सोलते.

दुकानात नुसते ‘अकूस्टिक’ म्हटले की पोलादी तारांची गिटार पुढे येते. या तारांचा एकूण ताण ७० किलोच्या आसपास असतो, नायलॉनचा त्याच्या साधारण निम्मा. म्हणून हिच्या पोटात फुलीच्या आकाराच्या पट्ट्या आणि मानेत धातूची सळई असते. आवाज वाढेल या आशेने क्लासिकलवर पोलादी तारा चढवणारे अधूनमधून भेटतात. त्यांचा ब्रिज, म्हणजे तारा धडाला जिथे बांधतात ती पट्टी, उखडतो, हे वेगळे सांगायला नको.

हवाइयन गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून लोखंडी बार सरकवत वाजवतात. मींडसाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी, ती भारतीय कानाला जवळची. ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग वाजवले. विश्वमोहन भट्ट यांनी तिच्यापासून मोहनवीणा घडवली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी मिळवले. बाजारात यशस्वी ठरलेली पहिली इलेक्ट्रिक गिटारही (रिकेनबॅकर, १९३० च्या दशकाचा आरंभ) मांडीवरचीच होती. पुढे भरीव धडाच्या गिटारी आल्या : गिब्सनची लेस पॉल १९५२ मध्ये, फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये. इथे आवाज पोकळीतून नव्हे, तर तारेखालच्या पिकअपमधून (तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) अ‍ॅम्प्लिफायरला जातो. चार तारांची बेस गिटार एक सप्तक खाली बोलते.

नागपुरात या तुलनेत हवामानही धरावे लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, हवा कोरडी ठणठणीत होते. लाकूड आकसते, पण पडद्यांची धातूची टोके आकसत नाहीत. ती मानेच्या कडेला बाहेर येतात आणि हात वर-खाली सरकला की तळव्याला ओरखडे पाडतात. धडाची पुढची फळी खचली की तारा पडद्यांना घासून झणझणतात. त्यात घरोघरी कूलर. वाळ्याचा गारवा माणसाला बरा, पण त्याच्या ओल्या झोतासमोर भिंतीला टांगलेली गिटार दिवसा फुगते नि कूलर बंद झाला की पुन्हा सुकते. पावसाळ्यात सगळे उलटे : फळी फुगून वर येते, तारा पडद्यांपासून उचलल्या जातात, आणि उन्हाळ्यात सहज लागणारा एफ कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून वाजवायचा स्वरगुच्छ) जुलैत बोटांचा जीव काढतो.

अखंड लाकडाच्या फळीची महागडी गिटार गोड वाजते, पण असे हेलकावे तिला सोसत नाहीत. तिला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता लागते, म्हणजे बंद पेटी हवीच. प्लायवूडच्या फळीची गिटार आवाजाला उणी, तरी पहिल्या खरेदीसाठी इथे तीच बरी. इलेक्ट्रिकचे भरीव धड फारसे हलत नाही; मान मात्र तिचीही लाकडाचीच, आणि पावसाळा लागला की मानेतल्या सळईला अ‍ॅलन (षटकोनी) चावीने पाव फेरा द्यावा लागू शकतो.