बागेच्या आरक्षणावर वृद्धाश्रम येतोय? हरकत कशी, कुठे आणि किती दिवसांत नोंदवायची

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिरातींच्या गर्दीत, बारीक टायपातली एक चौकट असते. ‘मौजे अमुक, सर्व्हे नंबर तमुक, मंजूर विकास योजनेतील उद्यान आरक्षणाखालील क्षेत्र वगळून ते वृद्धाश्रम या प्रयोजनासाठी दर्शविणे’ असं काहीसं तिच्यात लिहिलेलं असतं. खाली कायद्याचं कलम आणि ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ ही ओळ. बहुतेक लोक ती चौकट वाचत नाहीत. पत्रे ठोकायला माणसं आली की मग सोसायटीच्या ग्रुपवर धावपळ सुरू होते, तोवर मुदत उलटून गेलेली असते.

आमच्या भागात नेमकं असंच झालं होतं. गंमत म्हणजे वृद्धाश्रमाला विरोध करणाऱ्यांत निम्मे लोक सत्तरीच्या पुढचे होते आणि त्यांचा रोजचा कट्टा त्याच बागेत भरायचा. तेव्हा जे उशिरा कळलं, ते इथे सविस्तर मांडतो. ही माहिती मुख्यतः महाराष्ट्रातल्या महापालिका आणि नगरपालिका हद्दींसाठी आहे.

आधी ‘हिरवी जागा’ म्हणजे नेमकी कोणती ते ठरवा

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. डोळ्यांना झाडं दिसतात म्हणून जागा बागेची ठरत नाही, आणि नुसतं गवत वाढलेल्या पडीक भूखंडावर कागदोपत्री उद्यान असू शकतं. कागदावर चार वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीची वाट वेगळी.

पहिली, विकास आराखड्यातलं आरक्षण: उद्यान, क्रीडांगण, खेळाचं मैदान. हे बदलायचं तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यातली प्रक्रिया पाळावी लागते. हा लेख प्रामुख्याने याच प्रकाराबद्दल आहे.

दुसरी, लेआउटमधली मोकळी जागा. मुंबई महापालिकेसारखे काही अपवाद सोडून बाकी राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली (लोक तिला युडीसीपीआर म्हणतात) लागू आहे. तिच्यानुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. ती तिथल्या भूखंडधारकांच्या सामाईक उपभोगाची असते आणि तिच्यावर अगदी मर्यादित, खेळ-करमणुकीला पूरक बांधकामच चालतं. तिथे वृद्धाश्रम उभा राहत असेल तर तक्रार थेट बांधकाम परवानगी विभागाकडे करायची, आणि सोबत मंजूर लेआउटची प्रत जोडायची.

तिसरी, सुविधा भूखंड, म्हणजे अ‍ॅमिनिटी स्पेस. इथे मात्र जपून. सुविधांच्या यादीत बाग आहे, तशी ज्येष्ठांच्या निवासालाही जागा आहे. ‘इथे बागच हवी’ असा आग्रह धरता येतो, पण ‘वृद्धाश्रम बेकायदा आहे’ हा मुद्दा टिकत नाही. चौथी, शेती किंवा हरित विभागातली जमीन. तिथे काही अटींवर संस्थात्मक वापराला वाव मिळू शकतो, त्यामुळे लढाई त्या अटींवरच लढावी लागते.

आपली जागा यांपैकी कुठली, हे नगररचना विभागाचा झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा सांगतो. अर्जात सर्व्हे नंबर किंवा नगर भूमापन क्रमांक अचूक लिहा. ‘गणपती मंदिरामागची बाग’ म्हणून कोणीही दाखला देत नाही.

आरक्षण अजून जिवंत आहे का?

हा प्रश्न कटू आहे, पण आधी विचारलेला बरा. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही, तर कलम १२७ खाली जमीनमालक खरेदी सूचना, म्हणजे ‘जागा विकत घ्या’ अशी नोटीस, देऊ शकतो. ती मिळाल्यापासून २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. पूर्वी ही मुदत १२ महिन्यांची होती, त्याआधी तर सहाच. पालिकांनी अशा कितीतरी नोटिसा फाइलमध्ये दाबून ठेवल्या आणि जागा हातच्या घालवल्या. आरक्षण खरोखर व्यपगत झालं असेल तर ती बाग नसून कोणाची तरी खासगी जमीन आहे, आणि हरकतींचा गठ्ठा तिथे फारसा उपयोगी पडत नाही. म्हणून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा सातबारा काढून जागा पालिकेच्या नावावर चढली आहे का, ते पाहा. चढली असेल तर तुमची बाजू कितीतरी भक्कम.

बदलाचा प्रस्ताव कसा पुढे सरकतो

मंजूर आराखड्यातल्या किरकोळ फेरबदलासाठी कलम ३७ आहे. पालिका स्वतःहून किंवा शासनाच्या निर्देशावरून प्रस्ताव तयार करते. महासभेत ठराव होतो. मधल्या काळात अनेक महापालिकांवर प्रशासक होते, त्यामुळे त्या वेळचे ठराव प्रशासकांच्या सहीचे सापडतील. मग राजपत्रात सूचना प्रसिद्ध होते आणि तिच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत हरकती मागवल्या जातात. ज्यांच्यावर बदलाचा परिणाम होणार त्यांना नोटीस आणि सुनावणी द्यावी लागते. त्यानंतर प्रस्ताव, हरकतींवरच्या अहवालासह, नगर विकास विभागाकडे जातो. अंतिम मंजुरी शासनाची. ती मिळेपर्यंत ‘ठराव झाला, आता काय उरलं’ असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

याच कलमात एक आडवाट आहे: ३७ (१अअ). सार्वजनिक हितासाठी तातडीची गरज आहे असं शासनाला वाटलं तर पालिकेला बाजूला ठेवून शासन थेट सूचना काढू शकतं. तेव्हाही एक महिना मिळतो, पण हरकत पालिकेकडे देऊन भागत नाही. ती सूचनेत नमूद केलेल्या अधिकाऱ्याकडे, बहुधा नगररचना विभागाच्या सहसंचालक किंवा उपसंचालक कार्यालयात द्यावी लागते. चुकीच्या खिडकीत दिलेली हरकत वाया जाते, म्हणून सूचनेतला पत्ता दोनदा वाचा.

संपूर्ण आराखड्याचीच सुधारणा सुरू असेल तर कलम २६ लागतं. प्रारूप आराखड्यावर साधारण ३० दिवस हरकती घेतल्या जातात आणि नियोजन समिती सुनावणी घेते. आरक्षण गुपचूप बदलायला याहून सोयीची वेळ नसते, कारण शेकडो बदलांत एक बाग कोणाच्या नजरेत भरत नाही.

गोव्यात १९७४ चा नगर व ग्राम नियोजन कायदा आहे. २०२४ मध्ये त्यात आलेल्या कलम ३९अ खालच्या बदलांवरही हरकतींसाठी ३० दिवसच मिळतात.

हरकत कोण घेऊ शकतं

कोणीही. कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असेच शब्द आहेत. घर तुमच्या नावावर हवं, मतदार यादीत नाव हवं, शेजारीच राहायला हवं, असं काही नाही. भाडेकरू, बागेत मुलाला खेळायला आणणारी आई, गृहनिर्माण संस्था, ज्येष्ठ नागरिक संघ, सगळे पात्र आहेत. हरकतीला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. मात्र संस्थेच्या वतीने पत्र द्यायचं असेल तर कार्यकारिणीचा ठराव आणि सही करणाऱ्याला दिलेलं अधिकारपत्र जोडा. सुनावणीत नेमकं तिथेच बोट ठेवलं जातं.

कागदपत्रं

कायदा काहीच सक्तीचं करत नाही, पण हे हाताशी असू द्या:

– राजपत्रातली सूचना किंवा वर्तमानपत्रातलं कात्रण, तारीख दिसेल असं
– झोन दाखला आणि भाग नकाशा
– मिळकत पत्रिका किंवा सातबारा
– जागेचे आजचे फोटो, वापर दिसेल असे: सकाळी चालणारे, संध्याकाळची मुलं
– ओळख आणि पत्त्याचा एखादा पुरावा, नोटीस घरी पोहोचावी म्हणून
– परिसरातल्या उरलेल्या बागा आणि मैदानांची यादी, अंतरासह

शेवटची यादी सगळ्यात मोलाची. अर्ध्या किलोमीटरच्या आत दुसरी बाग नाही हे नकाशावर दाखवलंत, तर ते दोन पानी भावनिक निवेदनापेक्षा जास्त काम करतं. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शक सूचनांमध्ये दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. आपल्या प्रभागाचा हिशेब त्याच्याशेजारी मांडा.

माहिती अधिकाराचा अर्ज जरूर करा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. मागायचं ते हे: मूळ प्रस्ताव, ठराव, नगररचना विभागाचा अभिप्राय, खरेदी सूचना आली असल्यास तिची प्रत. पण उत्तराला ३० दिवस लागू शकतात आणि हरकतीची मुदतही तेवढीच, म्हणून अर्ज पहिल्याच दिवशी टाका आणि उत्तराची वाट पाहत बसू नका. प्रस्तावाचा नकाशा कार्यालयीन वेळेत पाहण्यासाठी खुला असतो. तिथे जाऊन बसा, टिपून घ्या.

पत्रात काय लिहायचं

विषय आणि संदर्भ ठसठशीत हवेत: ‘उद्यान आरक्षण क्र. …, सर्व्हे नं. …, येथील कलम ३७(१) अन्वये प्रस्तावित फेरबदलास हरकत. संदर्भ: राजपत्रातील सूचना क्र. …, दि. …’. त्याखाली मुद्दे क्रमाने. आमच्या पहिल्या मसुद्यात ‘म्हाताऱ्यांची रुग्णवाहिका रात्री-अपरात्री येईल’ असं वाक्य होतं. एका शेजाऱ्याने ते खोडलं आणि बरं केलं. वृद्धांच्या विरोधात लिहिलेली हरकत वाचणाऱ्याच्या मनातून तिथेच उतरते, आणि उतरावीच. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम १९ मध्ये तर प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा असं म्हटलंय. गरज खरी आहे. वाद जागेचा आहे, माणसांचा नाही.

म्हणून मुद्दे असे मांडा. हा बदल ‘किरकोळ’ नाही, कारण परिसरातली एकमेव बाग जाते, आणि कलम ३७ तर योजनेचं स्वरूप न बदलणाऱ्या फेरबदलांपुरतंच आहे. बदल्यात तेवढीच मोकळी जागा त्याच परिसरात दिलेली नाही. वृद्धाश्रम खासगी संस्थेचा, पैसे भरणाऱ्यांसाठीच असेल तर बाग सगळ्यांची होती आणि इमारत काहींचीच होणार, हे स्पष्ट लिहा. आणि पर्यायी जागा सुचवा: पडून असलेला सुविधा भूखंड, सार्वजनिक-निमसार्वजनिक आरक्षण, पालिकेची वापरात नसलेली इमारत. पर्याय सुचवणाऱ्या हरकतीला अहवालात नुसतं ‘अमान्य’ लिहून टाकणं अधिकाऱ्याला अवघड जातं.

या सगळ्याला न्यायालयाचा आधार आहे. बंगळूरच्या राजमहल विलास वसाहतीतली सार्वजनिक उद्यानाची जागा १९७६ मध्ये सरकारी आदेशाने एका खासगी वैद्यकीय न्यासाला रुग्णालयासाठी दिली गेली. रहिवासी उच्च न्यायालयात गेले, एकल न्यायाधीशांसमोर हरले, खंडपीठापुढे जिंकले. १९९१ मध्ये ‘बंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो भूखंड देणं रद्दच ठेवलं. रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे, आणि लोकांच्या बागेच्या जागी खासगी नर्सिंग होम ही बरोबरीची अदलाबदल नाही, असं त्यात ठरलं. कायदा कर्नाटकचा असला तरी हा निकाल हरकतीत जरूर नमूद करा. इमारत कितीही सत्कार्याची असो, बाग ही रिकामी पडलेली जमीन समजायची नाही, एवढं त्यातून पक्कं होतं.

पत्राच्या शेवटी ‘मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी’ ही ओळ विसरू नका. दोन प्रती काढा, एकीवर आवक विभागाचा शिक्का, तारीख आणि क्रमांक घ्या. कारकून ‘साहेब आले की देतो’ म्हणाला तर तिथेच थांबा किंवा त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा. ईमेलही करा, पण ईमेलच्या भरवशावर राहू नका.

एकाच मजकुराच्या पाचशे झेरॉक्स सह्या गोळा करण्याचा मोह होतो. अहवालात त्यांची दखल एका ओळीत उरकली जाते. वेगवेगळ्या मुद्द्यांची वीस पत्रं मला त्याहून जड वाटतात.

झाडं असतील तर

झाडतोडीची परवानगी ही वेगळी पायरी आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली वृक्ष प्राधिकरणाची मंजुरी लागते, झाडावर नोटीस चिकटवली जाते आणि हरकतीची मुदत फार थोड्या दिवसांची असते. २०२१ च्या सुधारणेनंतर ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड हे वारसा वृक्ष धरलं जातं. बागेतल्या वडाचं वय सांगणारा जुना फोटो कोणाच्या अल्बममध्ये आहे का, ते विचारून पाहा.

सुनावणी आणि त्यानंतर

सुनावणीत बोलायला मोजकी मिनिटं मिळतात. चार लोकांनी चार मुद्दे वाटून घ्या आणि लेखी निवेदन हातात द्या, कारण तोंडी बोललेलं फाइलमध्ये जाईलच असं नाही. नंतर हरकतींवरच्या अहवालाची प्रत माहिती अधिकारात मागा. प्रस्ताव मंत्रालयात असताना नगर विकास विभागालाही तीच हरकत पाठवता येते.

शासनाने फेरबदल मंजूर करून अधिसूचना काढली, तर उच्च न्यायालयात रिट याचिका हा मार्ग उरतो. बांधकाम परवानगीविरुद्धचं कलम ४७ चं अपील अर्जदारासाठी आहे, शेजाऱ्यांसाठी नाही. त्यात वेळ घालवू नका. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गकरांना ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच जवळ आलं आहे. न्यायालय पहिल्यांदा एकच विचारतं: मुदतीत हरकत घेतली होती का? तेव्हा तो शिक्का मारलेला कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ठेवा. आमचा एकदा पावसात भिजला होता, आणि नेमका तारखेचाच आकडा पुसला गेला.