सीडीआय किट घेताय? आधी फ्लॅगचं वाचा

सोल्डरिंग गन गरम करायच्या आधी हा कागद नीट वाचा. सीडीआय (कोर्स डेव्हिएशन इंडिकेटर) म्हणजे विमान ठरलेल्या मार्गाच्या डावीकडे की उजवीकडे ते सुईने दाखवणारं यंत्र, आणि फ्लॅग म्हणजे सुईवर विश्वास ठेवू नका असं सांगणारी त्यातली लाल पट्टी. वागळे इस्टेटच्या आमच्या वर्कशॉपला येणारे बरेच जण विचारतात की फ्लॅगचं सर्किट काढून किट स्वस्तात द्याल का. नाही देणार. सीडीआयची सुई मधोमध म्हणजे विमान ठरलेल्या मार्गावर, पण पॉवर गेली, वायर सुटली, सिग्नल मेला तरी सुई मधेच येऊन थांबते, बघणाऱ्याला दोन्ही सेमच दिसतं आणि फरक सांगतो तो एकटा लाल फ्लॅग. म्हणून आमचा फ्लॅग स्प्रिंगवर आहे, करंट मिळाला तरच आत जातो.

बाकी काम असं चालतं. व्हीओआर स्टेशन, म्हणजे विमानांना दिशा देणारं जमिनीवरचं रेडिओ केंद्र, 108 ते 117.95 मेगाहर्ट्झमध्ये 30 हर्ट्झचे दोन सिग्नल पाठवतं, रेफरन्सवाला 9960 हर्ट्झच्या सबकॅरियरवर एफएम होऊन येतो आणि दुसरा सरळ एएम, त्याची फेज तुम्ही स्टेशनच्या कुठल्या दिशेला आहात त्याप्रमाणे बदलते. दोघांच्या फेजमधला फरक म्हणजे तुमचं रेडियल, स्टेशनपासून तुम्ही ज्या दिशेला आहात ती रेघ. बोर्ड ते नॉबवर लावलेल्या कोर्सशी ताडून बघतो, डायलवरच्या एका ठिपक्याला 2 अंश, 10 अंशांना सुई पार कडेला.

इनपुटचा कपॅसिटर मात्र आम्ही दिलाय तोच लावा, घरात पडलेला छोटा नको. कपॅसिटर छोटा तितका इनपुट फिल्टरचा कटऑफ (ज्याच्या खालचे सिग्नल अडतात ती फ्रिक्वेन्सी) वर जातो, तो 1 हर्ट्झवर आला तरी 30 हर्ट्झची फेज जवळजवळ 2 अंश सरकते, रेफरन्स सबकॅरियरवर असल्यामुळे तो सरकत नाही, म्हणजे अख्ख्या एका ठिपक्याची चूक आणि फ्लॅग तर गप्पच!

जीपीएस जोडलंत तर सुई अंश नाही, मार्गापासूनचं अंतर मैलांत दाखवते. व्हीओआरचा 1 अंश 60 नॉटिकल मैलांवर साधारण 1 मैल होतो, 6 मैलांवर त्याचा दहावा हिस्सा. त्यामुळे कुठला सोर्स चालू आहे ते सांगणारा दिवा पॅनलवर पाहिजेच.

टेस्टिंगला अँटेना नको, सोबतची ऑडिओ फाइल लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून द्या, सुई हलली की जॅक उपटा, फ्लॅग लगेच बाहेर यायला हवा.

हे किट सिम्युलेटर आणि शिकण्यासाठी आहे. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या) मंजुरीशिवाय खऱ्या विमानाच्या पॅनलमध्ये बसवू नका, कितीही छान चालत असलं तरी. फ्लॅग अडकत असेल तर बोर्ड घेऊन या, समोर बसून बघू, त्याचे पैसे घेत नाही.