रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणजे जिवंत विषाणू?

‘कोरोनाची आरटी-पीसीआर चाचणी पॉझिटिव्ह आहे तोवर माणूस रोग पसरवतोच’ हा मेसेज आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुप्सवर कित्येक वर्षं फिरतोय. काळजीपोटीच फिरतो. पण त्यापायी बऱ्या झालेल्या आजीच्या खोलीत नातवंडांना आठवडेच्या आठवडे जाऊ देत नाहीत, म्हणून हा खुलासा.

पीसीआर शोधते विषाणूच्या जनुकाचे तुकडे. चाचणीच्या दर फेरीत ते जवळपास दुप्पट होतात, म्हणजे 10 फेऱ्यांत सुमारे हजारपट. निष्क्रिय विषाणूचे तुकडेही त्यात सापडतात, आणि बरं झाल्यावरही ते काही आठवडे नाका-घशात राहू शकतात.

लागण करू शकणारा विषाणू मोजायचा तर नमुना जिवंत पेशींवरच सोडावा लागतो. जुनी पद्धत अशी: बशीत पेशींचा थर वाढवायचा, त्यावर पातळ केलेला नमुना घालायचा आणि काही दिवस थांबायचं. विषाणूने पेशी मारल्या तिथे थर फाटतो. रंग दिल्यावर जांभळ्या थरात फिके ठिपके दिसतात, ते मोजायचे. आता हेच केसाएवढ्या बारीक वाहिन्यांच्या चिपवरही करता येतं. तिथे अगदी थोडा नमुना पुरतो, आणि लागण झालेल्या पेशी अनेकदा लवकर ओळखता येतात. मात्र हे संशोधनाचं साधन आहे, नेहमीच्या तपासणीचं नाही.

पडताळायचं तर घरातला जुना रिपोर्ट काढा. त्यात ‘डिटेक्टेड’ किंवा ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेलं असतं. ‘विषाणू जिवंत आहे’ असं लिहिलेलं नसतं. तरीही आजाराच्या सुरुवातीला पॉझिटिव्ह आलात तर वेगळं राहाच. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी किती दिवस राहायचं, ते डॉक्टरांनाच विचारा.